साथीच्या काळातली रोजनिशी

शिवलेल्या बांधणीची दोनशे पानी वही घ्या. स्पायरलची पानं सुटतात. जेल पेनची शाई पाण्यानं फुटते, बॉलपेनची सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं पसरते. हात पूर्ण कोरडे झाल्यावरच लिहा, नाहीतर साधी पेन्सिल वापरा.

आधी तारीख, वार, वेळ. टाळेबंदीत दिवस एकसारखे वाटतात, म्हणून चार दिवसांनी आठवून लिहिलं की क्रम चुकतो. रोज दहा मिनिटं पुरतात. मनातलं जरूर लिहा, पण सोबत पाहिलेलं, मोजलेलंही हवं: टोमॅटोचा भाव, दुकानासमोरची रांग, सोसायटीचा नवा नियम. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता देशभर थाळ्या वाजल्या, हे सगळीकडे नोंदलेलं आहे. तुमच्या गल्लीत गॅलरीत कोण कोण आलं, ते फक्त तुमच्याच वहीत राहील. अफवा लिहिलीत तर ती कुणाकडून, कधी ऐकली तेही लिहा.

घरात रुग्ण असेल तर ताप आणि ऑक्सिजनचे आकडे वेळेसह वेगळ्या पानावर ठेवा. डॉक्टरांना फोनवर सांगताना शोधाशोध होत नाही.

औषधांची थर्मल पावती नुसती चिकटवू नका, छपाई उडून ती कोरी होते. आकडे उतरवून घ्या. एखादा दिवस सुटला तर तारीख टाकून जागा रिकामी सोडा.