हाडांच्या ठिसूळपणाचं औषध: या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक होते ती सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनच्या बाबतीत. संक्रांतीला एक घेतलं की पुढचं येतं जुलैच्या मध्यावर. तेव्हा खानापूर भागात मुसळधार पाऊस आणि भाताची रोपलावण! आज्जींना बेळगावला न्यायला कुणाला सवड? "गणपती झाले की जाऊ" असं ठरतं आणि दोन महिने हातचे जातात. या औषधाचा असर हाडात साठून राहत नाही. तो ओसरला की झीज आधीपेक्षा वेगानं होते आणि पाठीचे मणके एकामागून एक दबू शकतात. घागर उचलताना पाठीत कळ येते, घरचे बाम चोळत बसतात. म्हणून इंजेक्शन घेतलं त्याच दिवशी पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि सोबत कोण जाणार त्याचं नावही लिहा. पुढे ढकलू नका, हवं तर लावणी एक दिवस थांबवा. इंजेक्शन बंदच करायचं असेल तर त्याजागी कोणतं औषध, हे डॉक्टरांशी आधी ठरवा.

दुसरी चूक घरोघरची: आठवड्याची अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी चहाबरोबर घेणं. उपाशीपोटी घेतली तरी ती एक टक्काही अंगी लागत नाही. चहा-दुधाबरोबर तर पैसे पाण्यात. उठल्याबरोबर पेलाभर साध्या पाण्याशी अख्खी गिळा. चघळू नका. मग किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. आंघोळ, फुलं काढणं, तुळशीला पाणी यात तेवढा वेळ सहज जातो. गोळी घोटभर पाण्यावर घेऊन पुन्हा अंथरुणात शिरलं तर ती अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. मग "मला सोसत नाही" म्हणून औषधच सुटतं. आधी घ्यायची पद्धत सुधारा. तरीही जळजळ राहिली किंवा गिळताना दुखलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा.

कॅल्शियम त्याच वेळी नको, जेवणानंतर घ्या.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला लिहून दिली असताना लवकर गुण यावा म्हणून रोज घेणारे आहेत. हा उतावळेपणा मूत्रपिंडावर बेततो.

दुखणं थांबलं म्हणून औषध थांबवू नका. ही वेदनाशामक गोळी नव्हे. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला औषधाचं नाव सांगा.

आठवड्याच्या गोळीला गावचा बाजारवार धरा आणि पाकिटावर पेनानं मराठीत तसं लिहा. चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच घ्या, पुढची ठरल्या वारीच. एका दिवशी दोन कधीच नाहीत.