पिल्लू सकाळी लटपटतं तेव्हा

नेरुळचा फ्लॅट, नऊ आठवड्यांचं टॉय पॉम (पॉमेरेनियन जातीचं चिमुकलं कुत्रं), वजन जेमतेम 700 ग्रॅम. सकाळी पाय लटपटत, कान गार, हिरड्या फिक्या. रक्तातली साखर उतरली होती; कारण रात्रभराचा उपास आणि वर एसी. एवढ्याशा जिवात साखरेचा साठा तो कितीसा!

बोटावर पाव चमचा मध घेऊन हिरड्यांना चोळला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. टॉवेलात गुंडाळून ऊब दिली, तरतरी येताच कोमट पाण्यात भिजवलेलं पपी फूड. झटके आले तर मात्र थेट डॉक्टर. सावरलं तरी त्याच दिवशी दाखवलं, जंतांमुळेही असं होतं.

आता दर चार तासांनी खाणं, पहाटे तीनचा अलार्म धरून. गाईचं दूध बंद. जुलाब लागले की साखर आणखी उतरते. मुलांचं खेळवणंही दहा-दहा मिनिटंच.