नंबर तोच, कंपनी दुसरी: पोर्ट करताना कोड शेवटी घ्या

नंबर पोर्ट करायचं ठरलं की बहुतेक जण आधी 1900 ला मेसेज टाकतात आणि मग बाकीच्या गोष्टींच्या मागे लागतात. क्रम उलटा हवा. मेसेजला उत्तर म्हणून येणारा आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी कोड (युनिक पोर्टिंग कोड, जो नव्या कंपनीला द्यायचा असतो) आपल्याकडे चारच दिवस चालतो. तेवढ्यात वडिलांचं आधार कार्ड गावी राहिलेलं आठवतं, पोस्टपेडचं बिल थकलेलं निघतं, दुकानदार 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हणतो आणि कोड संपतो. म्हणून सगळी तयारी आधी, मेसेज शेवटी.

सुरुवात नेटवर्कपासून करा. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेला शेजाऱ्यांचा किंवा पाहुण्यांचा फोन मागून घ्या आणि घरभर फिरा. जुळे सोलापूरच्या रस्त्यावर फुल रेंज असली तरी स्लॅबखालच्या आतल्या खोलीत फोन कट होऊ शकतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला असाल तर कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊनच बघा, कारण पत्रा सिग्नल अडवतो. नेट तपासायचं ते रात्री आठ ते दहाच्या दरम्यान. दुपारी सुसाट चालणारं नेट त्या वेळी रांगायला लागलं तर त्या भागात टॉवरवर गर्दी आहे असं समजा. ही तपासणी टाळू नका, कारण एकदा पोर्ट झाल्यावर 90 दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही.

मग सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. घरोघरी अडतं ते इथेच. नंबर वापरते मुलगी आणि सिम वडिलांच्या नावावर, असं असेल तर केवायसीला वडिलांनाच यावं लागतं. नाव बदलायचं असेल तर ते आधी सध्याच्या कंपनीत बदलून घ्या. नावबदलाचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत कोड मिळत नाही. सिम दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या, पोर्टचं नंतर बघा.

कोड नाकारला जाण्याची नेहमीची कारणं म्हणजे सध्याच्या कंपनीत 90 दिवस न होणं आणि मुदत उलटलेलं पोस्टपेड बिल. तिसरं कारण अनेकांना माहीत नसतं. 1 जुलै 2024 पासूनच्या नियमानुसार, सिम हरवून किंवा खराब होऊन बदललं असेल तर त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही. फसवणूक करणाऱ्याने आपल्या नावाने डुप्लिकेट सिम काढून लगेच नंबर पळवू नये, यासाठी ही अट आहे. नंबर कंपनीच्या नावावर, म्हणजे कॉर्पोरेट असेल, तर त्या कंपनीचं अधिकारपत्र लागतं.

प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि पॅकचे दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. पॅक संपायला आठवडाभर राहिला असताना पोर्टला हात घालणं सगळ्यात सोयीचं. पॅक संपला असला तरी 1900 चा मेसेज जायला हवा, तसा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, डिसेंबर 2021 चा आदेश आहे. तरीही जुनं सिम चालू असतानाच काम उरका.

आता मेसेज. इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', एक स्पेस, मग दहा आकडी नंबर, पुढे 0 किंवा 91 न लावता, आणि 1900 ला पाठवायचा. जो नंबर पोर्ट करायचा त्याच्याच सिमवरून मेसेज गेला पाहिजे. दोन सिमच्या फोनमध्ये चूक होते ती नेमकी इथे. मेसेज टाइप करायच्या रकान्याशेजारी 'सिम 1' किंवा 'सिम 2' असं बारीक दिसतं, ते बघूनच पाठवा. कोड नाकारला तर उत्तरात कारण येतं, ते वाचा. तेच निस्तरायचं असतं.

कोड आला की त्याच दिवशी आधार घेऊन नव्या कंपनीच्या स्टोअरमध्ये किंवा ओळखीच्या दुकानात जा. 1 जानेवारी 2024 पासून कागदी फॉर्म बंद झाले आहेत, केवायसी मोबाईलवरच होते. रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याकडे जास्त सावध राहा. 'फोटो नीट आला नाही' किंवा 'अंगठा लागला नाही' म्हणून पुन्हा केवायसी करायला लावून तुमच्या नावावर आणखी एक सिम काढण्याचे प्रकार होतात. घरी आल्यावर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते तपासा, अनोळखी दिसला तर तिथेच कळवा. आणि कोड फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी.

सोलापूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (मोबाईल सेवेच्या विभागात) येतं, पुणेही त्यातच. त्यामुळे पुण्यात घेतलेल्या नंबराला तीन कामकाजाचे दिवस लागतात. मुंबईचं सर्कल वेगळं आणि इंडी-विजापूरकडचा नंबर कर्नाटकचा, त्यांना इथे आणायला पाच. मध्ये रविवार किंवा सणाची सुट्टी आली की मुदत लांबते. विचार बदलला तर अर्जापासून 24 तासांच्या आत इंग्रजी अक्षरांत 'कॅन्सल', स्पेस आणि नंबर असा मेसेज 1900 ला टाका.

पोर्ट होण्याची वेळ मेसेजने कळते, बहुधा रात्रीची असते. तोवर जुनं सिम फोनमध्येच ठेवा आणि त्याच्यावर साठवलेले नंबर फोनमध्ये कॉपी करा. जुन्या सिमचं नेटवर्क गेलं की नवं घाला. मधले काही तास दोन्ही बंद राहू शकतात, म्हणून त्या दिवशी ओटीपीची कामं ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपला बहुधा काही करावं लागत नाही, यूपीआय अ‍ॅप मात्र नवं सिम ओळखून पुन्हा पडताळणी मागतं. त्यासाठी फोनवरून एसएमएस जावा लागतो. पहिला रिचार्ज एसएमएस असलेलाच मारा, नाहीतर पैसे पाठवणं अडेल.

पोस्टपेड सोडून आला असाल तर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते भरा, कारण थकलं तर जुन्या कंपनीच्या सांगण्यावरून नवी कंपनी तुमचा चालू नंबर बंद करू शकते. मुदत उलटूनही पोर्ट झालं नाही तर नव्या कंपनीच्या कस्टमर केअरकडे तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच डॉकेट नंबरच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.