हार्ड डिस्क निकामी होत चालल्याचे कसे ओळखावे

सिडकोतल्या आमच्या घरच्या जुन्या संगणकात निफाडच्या द्राक्षबागेचा फवारणी-छाटणीचा सारा हिशेब आहे. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत ती फाइल उघडायला तीन-चार मिनिटे लागू लागली आणि कॅबिनेटमधून ठरावीक अंतराने टक्... टक् असा आवाज येऊ लागला. यंत्र म्हातारे झाले, असे म्हणून आम्ही आठवडाभर काणाडोळा केला. तो करायला नको होता.

हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर त्यांच्यावर तरंगत असते. हवी ती जागा वाचता आली नाही की हेड मागे परतून पुन्हा प्रयत्न करते, आणि तोच टक्-टक् आवाज आपल्या कानी पडतो. पंख्याची घरघर सलग असते. हा आवाज मात्र अडखळत येतो आणि त्याच वेळी पडदाही गोठतो. संगणक सदासर्वकाळ मंद असेल तर रॅम किंवा व्हायरसचा संशय घ्यावा; पण विशिष्ट फोल्डर उघडतानाच तो थबकत असेल, किंवा फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसत असेल, तर संशय डिस्कवरच घ्यावा.

अशा वेळी तपासणीच्या आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. विंडोजमधल्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची सखोल तपासणी पूर्ण डिस्क वाचून काढते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढा ताणही पुरेसा ठरू शकतो.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून डिस्कने स्वतःच ठेवलेल्या ‘स्मार्ट’ नोंदी पाहाव्यात. ०५ म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवणारे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणजे तिथला १० हा आपला १६ असतो. आमचा सी५ सकाळी ८ होता, संध्याकाळी १८, म्हणजेच २४. आकडा स्थिर असेल तर थोडा वेळ मिळतो, वाढता असेल तर डिस्क त्याच दिवशी बदलावी. फक्त सी७, म्हणजे माहितीच्या ने-आणीतल्या चुकांची नोंद, वाढत असेल तर बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल ढिली किंवा खराब असते, आणि तिचा खर्च किरकोळ असतो.

नोंदी स्वच्छ दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये सर्वांत महत्त्वाच्या चार नोंदी कोऱ्याच होत्या. उलट, वळवाच्या वादळात लाइट जाऊन फाइल बिघडली असेल आणि ०५, सी५ शून्यच असतील, तर डिस्क बहुधा ठीक असते. तिथे नक्कल घेऊन चेकडिस्क चालवावे.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, आवाज करत नाही. ती कधी अचानक दिसेनाशी होते, तर कधी वाचू देते पण लिहू देत नाही.

नक्कल घेण्याआधीच डिस्क पूर्ण बंद पडली, तर ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये. एम. जी. रोडवरच्या दुकानात नेल्यास, धूळमुक्त खोली नसताना झाकण उघडणार असतील तर डिस्क तशीच परत आणावी.