सावत्र नात्यांचे घर जुळवताना

ठाण्यात अर्धे राहिलेले दोन संसार एका छताखाली आले की वडीलधारी मंडळी पहिल्याच दिवशी मुलाला ‘आता यांना बाबा म्हण’ असा आग्रह करतात. तो टाळावा आणि मूल ‘काका’ म्हणत असेल तर तसेच म्हणू द्यावे. आरंभी शिस्त जन्मदात्या पालकानेच लावावी. सावत्र पालकाने रविवारी मुलासोबत तलावपाळीला फेरी मारावी, आणि त्या वेळी अभ्यासाचा विषय काढू नये. दिवंगत आईची तसबीर भिंतीवरून उतरवू नये. गणपतीत आरत्यांचा क्रम एका घरचा, तर मोदकांचे सारण दुसऱ्या घरचे ठेवावे (वाद सारणावरूनच होतो, हे गृहीत धरावे). दत्तक न घेतलेले सावत्र मूल हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार सावत्र वडिलांचे प्रथम वर्गातील वारस (मृत्युपत्र नसल्यास मालमत्तेत सर्वांत आधी वाटा मिळणारे) ठरत नाही, म्हणून मृत्युपत्र वेळीच करावे.