‘आकाशावरचं पाणी’ : उत्पत्तीचा दुसरा दिवस वाचताना या चुका टाळा

शब्बाथशाळेतल्या मुलांना एकदा बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायातला सृष्टीचा एकेक दिवस चित्रात काढायला सांगितला होता. दुसरा दिवस ज्याच्या वाट्याला आला त्या पोराने कागदावर खाली एक निळा पट्टा काढला, वर एक निळा पट्टा काढला आणि मधल्या मोकळ्या जागेत झकास रॉकेट उडवलं. शेपटीला जाळ, अंगावर तिरंगा. “हे काय रे?” म्हटलं, तर त्याने बायबलच माझ्यापुढे धरलं. “सर, इथेच लिहिलंय. अंतराळ.”

पोराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. शब्द तोच होता, फक्त मधल्या काळात त्याचा अर्थ सरकला होता. पण याच तीन वचनांवर मोठी माणसं जे काही रचतात ते पाहिलं की रॉकेट फारच निरागस वाटतं. म्हणून नेहमी दिसणाऱ्या चुका इथे मांडतो.

आधी मजकूर. पहिल्या अध्यायाची ६ ते ८ ही वचनं. सगळीकडे पाणीच पाणी आहे. देव त्या पाण्याच्या मधोमध काहीतरी घालतो, त्याने खालचं पाणी आणि वरचं पाणी वेगळं होतं. मध्ये घातलेल्या त्या वस्तूला तो ‘आकाश’ म्हणतो. संध्याकाळ, सकाळ, दुसरा दिवस. संपलं.

‘अंतराळ’ म्हणजे इस्रोचं अंतराळ समजणे

आज ‘अंतराळ’ म्हटलं की यान आणि अंतराळवीरच डोळ्यांपुढे येतात. जुन्या मराठीत मात्र अंतराळ म्हणजे मधली जागा, अधांतर. ‘अंतराळी’ लोंबकळणारी वस्तू पृथ्वीच्या कक्षेत नसायची, जमिनीला टेकलेली नसायची एवढंच. तेव्हा मराठी बायबलमधला शब्द दोन पाण्यांच्या ‘मधलं’ या अर्थाने चांगलाच आहे.

पण मूळ हिब्रू शब्दात आणखी काही आहे, ते मराठीत हरवतं. तो शब्द ‘राकिया’. त्याचं क्रियापद ‘राका’, म्हणजे ठोकून ठोकून पातळ पसरवणं. पुण्याच्या तांबट आळीत कुणी तांब्याचा तुकडा हातोडीने मठारताना पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल: प्रत्येक ठोक्याला धातू पातळ होतो आणि बाजूला सरकतो. निर्गमाच्या ३९व्या अध्यायात याजकाच्या वस्त्रासाठी सोनं असंच ठोकून त्याचे पत्रे करतात आणि मग कापून तारा काढतात. गणनेच्या १६व्या अध्यायात बंडखोरांची धुपाटणी ठोकून वेदीला मढवायचे पत्रे बनवतात. क्रियापद तेच. ग्रीक भाषांतरकारांनी ‘स्टेरेओमा’ म्हणजे घट्ट, टणक वस्तू असा शब्द घेतला. लॅटिनमध्ये ‘फिर्मामेंतुम’ आला, त्यातही घट्टपणाच आहे.

म्हणजे मराठी वाचकाच्या मनात पोकळी उभी राहते आणि हिब्रू वाचकाच्या मनात पसरलेलं, काहीतरी अडवून धरणारं. ‘अंतराळ’ वाचताना आपल्याच मनाला विचारावं: वरचं पाणी खाली का येत नाही, ते कशावर थांबलंय? पोकळीवर पाणी थांबत नाही.

जाता जाता असाच दुसरा शब्द. मलाखीच्या ३ऱ्या अध्यायात ‘आकाशकपाटे’ उघडून आशीर्वाद ओतण्याचं वचन आहे. दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याच्या, प्रत्येक प्रवचनात ते ऐकू येतं आणि निम्म्या मंडळीच्या डोळ्यांपुढे गोदरेजचं कपाट येतं. कपाट म्हणजे इथे दाराची फळी. हिब्रू शब्दाचा अर्थ झरोका, जाळीची खिडकी. हीच खिडकी पुढे नोहाच्या प्रलयात उघडणार आहे, तेव्हा ती लक्षात ठेवा.

“ढगच की ते, त्यात काय एवढं?”

ही सर्वांत सभ्य चूक, आणि फार मोठ्या माणसाने केलेली. धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५५४च्या उत्पत्तीवरील भाष्यात वरचं पाणी म्हणजे ढग असं सरळ सांगून टाकलं. त्याच ठिकाणी त्याचं एक फार शहाणं म्हणणंही आहे: ज्याला खगोलशास्त्र शिकायचंय त्याने दुसरीकडे जावं. मला ते दुसरं पटतं, पहिलं नाही.

कारण १४ ते १७ ही वचनं वाचा. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे राकियाच्या *आत* ठेवले जातात. पाणी राकियाच्या *वर* आहे. मग ढग सूर्याच्या पलीकडे गेले. आषाढात आकाशाकडे एकदा बघितलेला कुठलाही शेतकरी सांगेल की ढग सूर्याच्या अलीकडे असतात. हे त्या काळच्या इस्राएली मेंढपाळाला कळत नव्हतं असं मानायचं का? पक्षी २०व्या वचनात राकियाच्या तोंडासमोरून, म्हणजे आपल्या बाजूने उडतात. ढगही तिथलेच.

शिवाय बायबलला ढग चांगले ठाऊक आहेत. हिब्रूत ढगाला ‘आनान’, ‘आव’ असे शब्द आहेत. ईयोबाच्या २६व्या अध्यायात देव ढगांत पाणी बांधून ठेवतो आणि त्या भाराने ढग फाटत नाही, असं सुंदर वर्णन आहे. ३६व्या अध्यायात पाण्याचे थेंब वर ओढले जाऊन पाऊस होऊन पाझरतात. म्हणजे ढगातून पाऊस पडतो हे ठाऊक असताना, ढगासाठी शब्द असताना, उत्पत्ती मुद्दाम ‘पाणी’ म्हणते. तिथे गुपचूप ‘ढग’ घुसवायचे नाहीत.

प्रलयापूर्वीचं ‘पाण्याचं छत’

हे व्हॉट्सअॅपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरतं. पृथ्वीभोवती म्हणे वाफेचं जाड कवच होतं, त्याने सूर्याचे घातक किरण अडवले, म्हणून उत्पत्तीतला मथुशलह ९६९ वर्षं जगला. नोहाच्या काळी ते कवच कोसळलं आणि प्रलय झाला. कल्पना जुनी आहे. आयझॅक न्यूटन वेल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने (सफरचंदवाला न्यूटन वेगळा) १८७४ साली ती मांडली आणि १९६१ साली जॉन व्हिटकॉम व हेन्री मॉरिस यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली.

हिशेब साधा आहे. आज हवेत असलेली सगळी वाफ एकाच वेळी पाणी होऊन पडली तर पृथ्वीवर सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास पाणी साचेल. तेवढं मुंबईत जुलैच्या एखाद्या तासात पडतं. प्रलयासाठी छतात किती पाणी हवं ते तुम्हीच ठरवा. फक्त १० मीटर धरलं तरी तेवढ्या वाफेच्या वजनाने जमिनीवरचा हवेचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिने खालचं सगळं शिजून निघेल. सृष्टी सहा दिवसांत झाली असं अक्षरशः मानणाऱ्या अनेक अभ्यासकांनीही ही कल्पना सोडून दिली आहे.

पण मला गणितापेक्षा स्तोत्र पुरेसं वाटतं. १४८वं स्तोत्र, ४थं वचन: आकाशावरच्या जलांनो, त्याची स्तुती करा. छत नोहाच्या काळात रिकामं झालं असेल तर स्तोत्रकर्ता इथे कुणाला हाक मारतोय?

उलटी चूक : तव्यासारखी आकृती

अभ्यासपुस्तकांत एक चित्र हमखास असतं. सपाट पृथ्वी, खाली खांब, वर भक्कम घुमट, घुमटाला झडपा, त्यावर समुद्र. ‘हिब्रू लोकांचं विश्व’. चित्र सोयीचं आहे, वर्गात मीही दाखवतो. पण ते असंच्या असं कुठल्याही हिब्रू ग्रंथात सापडत नाही. खांब एका स्तोत्रातून, झडपा उत्पत्तीतून, ओतीव आरशासारखं कठीण आकाश ईयोबाच्या ३७व्या अध्यायातून, असं गोळा करून ते जोडलेलं आहे. त्यातही तो आरसा ईयोबाशी वाद घालणाऱ्या अलीहूच्या भाषणातला. कोण बोलतंय हे न बघता वचन उचलायचं नाही, हा नियम इथेही लागू.

त्याच बायबलमध्ये यशया संदेष्टा ४०व्या अध्यायात आकाशाला तलम पडदा आणि राहुटी म्हणतो. ३४व्यात ते गुंडाळीसारखं गुंडाळलं जातं. पत्रा, पडदा, राहुटी, गुंडाळी: चारही एकाच वेळी ‘मोजमाप’ म्हणून खरे ठरत नाहीत.

मोजमापाच्या नादाबद्दल तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या (रब्बींच्या) चर्चांच्या ग्रंथात, एक गोष्ट आहे. बेन झोमा नावाचा विद्वान विचारात इतका गढला होता की गुरुतुल्य रब्बी यहोशुवा समोर आले तरी तो उठून उभा राहिला नाही. कुठून येतोयस, असं विचारल्यावर म्हणाला: वरच्या पाण्याच्या आणि खालच्या पाण्याच्या मध्ये पाहत होतो, तीन बोटांचंच अंतर आहे. रब्बी शिष्यांकडे वळून म्हणाले, बेन झोमा अजून बाहेरच आहे.

“हे तर बाबेलचंच” आणि “हे तर आपल्या उपनिषदातही”

जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने निनवे या प्राचीन नगरातल्या मातीच्या पाट्यांवरून बाबेलची (बॅबिलोनची) सृष्टिकथा १८७६ साली प्रसिद्ध केली. त्यात बाबेलचा देव मर्दुक तियामत या समुद्ररूपी देवीला मारतो, सुकवायला मासा चिरावा तशी तिला चिरतो, अर्ध्या भागाचं आकाश करतो, अडसर घालतो आणि तिचं पाणी निसटू नये म्हणून पहारेकरी बसवतो. वरचं पाणी, अडसर: साम्य उघड आहे. १८९५ साली जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेलने उत्पत्तीची कथा बाबेलमधूनच आल्याचं मांडलं. हिब्रू ‘तेहोम’ म्हणजे खोल पाणी आणि ‘तियामत’ हे शब्द एकाच मुळाचे, यावर फार भिस्त ठेवली गेली. पण सख्खी भावंडं असणं वेगळं आणि उसनं घेणं वेगळं. पुढच्या भाषाभ्यासकांनी हेच दाखवून दिलं.

साम्य दिसलं की फरक बघायचा. उत्पत्तीत युद्ध नाही, प्रेत नाही, पहारेकरी नाही. पाणी कुणाची शत्रू देवी नाही. देव बोलतो आणि पाणी ऐकतं. यरुशलेम पाडून बाबेलला नेलेल्या यहुदी लोकांच्या कानांवर ही कथा कशी पडली असेल, याचा विचार करावा. हा अध्याय त्याच काळात आकाराला आला असं बरेच अभ्यासक मानतात.

आपल्याकडचं उदाहरण तर चकित करणारं आहे. ऐतरेय उपनिषदाच्या आरंभी आत्मा चार लोक निर्माण करतो, आणि पहिल्याबद्दल म्हटलंय, ‘अदोऽम्भः परेण दिवं’, ते अंभस् म्हणजे जल द्युलोकाच्याही पलीकडे आहे. मग अंतरिक्ष, मग पृथ्वी, आणि खाली ‘आपः’. वर पाणी, खाली पाणी, मध्ये अंतरिक्ष! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही टाकून तसाच बसलो होतो. पण यावरून ‘सगळे ग्रंथ एकच सांगतात’ असं म्हणणं आळशीपणा आहे. तिथे आत्मा लोक निर्माण करून त्यांना पालक हवेत म्हणून पुरुष घडवतो. तिथला प्रश्न निराळा, रोख निराळा. पाणी वरून पडतं आणि जमिनीतूनही निघतं, हे सगळ्यांनीच पाहिलेलं होतं.

पाण्याचं ‘आध्यात्मिक’ पाणी करणे

ओरिगेन या जुन्या ख्रिस्ती पंडितापासून ही वाट आहे: वरचं पाणी म्हणजे आत्मिक शक्ती. बासिल या बिशपने चौथ्या शतकात यावर वैतागून सांगितलं की पाणी म्हणजे पाणीच समजा. संत ऑगस्टीननेही आपल्या आत्मकथनात वरच्या पाण्याचे देवदूत केले होते. म्हातारपणी स्वतःचं लेखन तपासताना ते पुरेसा विचार न करता लिहिल्याची कबुली दिली. त्याहून जास्त बोलायची गरज नाही.

आठव्या वचनावर थांबून पुस्तक मिटणे

माझ्या मते ही खरी चूक. बाकीच्या सगळ्या हिच्या पोटातून निघतात. ‘वर पाणी कसलं’ हे विचारत आपण तिथेच घुटमळतो आणि त्या पाण्याचं पुढे काय होतं ते वाचत नाही.

बारीक बघा. दुसऱ्या दिवशी हिब्रू पाठात ‘देवाने पाहिले की ते चांगले आहे’ हे वाक्यच नाही. ग्रीक भाषांतरकारांना ते खटकलं, त्यांनी घालून टाकलं. रब्बींनी मात्र कारण शोधलं: पाण्याचं काम अजून पुरं झालेलं नव्हतं, म्हणून. तिसऱ्या दिवशी खालचं पाणी एकत्र होतं, कोरडी जमीन दिसते, आणि त्या दिवशी ‘चांगले’ दोनदा येतं. आणखी एक: देव उजेडाला नाव देतो, अंधाराला देतो, आकाशाला, जमिनीला, समुद्रांना देतो. वरच्या पाण्याला नाव मिळत नाही. ते फक्त वर आहे, थोपवलेलं.

आता थेट ७:११, म्हणजे सातव्या अध्यायाचं ११वं वचन, उघडा. त्याच दिवशी खालच्या खोल पाण्याचे झरे फुटले आणि आकाशाच्या खिडक्या उघडल्या. पाऊस फार झाला, एवढंच इथे म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी केलेली वाटणी मोडली. वरचं पाणी आणि खालचं पाणी पुन्हा भेटतंय, जमीन पुन्हा बुडतेय. सृष्टीची पट्टी सिनेमाच्या रिळासारखी मागे फिरते. मग ८:१ मध्ये पाण्यावर वारा सुटतो. हिब्रूत वारा आणि आत्मा एकच, ‘रुआह’. १:२ मध्ये पाण्यावर होता तोच. ८:२ मध्ये खिडक्या बंद होतात. पुन्हा वाटणी, पुन्हा जमीन.

२९व्या स्तोत्राचं १०वं वचन याच्या शेजारी ठेवा. तिथे देव ‘मब्बूल’वर, म्हणजे प्रलयावर, राजासनी बसलाय. हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात नोहाच्या प्रलयाव्यतिरिक्त फक्त इथेच येतो. खिडकीची कडी कुणाच्या हातात, एवढंच उत्पत्तीला सांगायचंय. पाणी किती किलोमीटर वर होतं ते नाही.

वर्गात अडलात तर मी हेच करतो: ६ ते ८ वाचायची, मग १४ ते १७, मग ७:११ आणि ८:२. चार पानं उलटायची. निम्मे प्रश्न तिथेच गळतात.

त्या पोराने रॉकेट खोडरबराने पुसलं. मधली जागा मोकळी झाली तसा तो पेन्सिल चावत बसला. पक्षी काढू का? पाचव्या दिवशी. सूर्य? चौथ्या. मग निदान खाली एक डोंगर? तो उद्या, तिसऱ्या दिवशी.

“मग सर, मध्ये काहीच नाही?”

“आज काहीच नाही.”

त्याने दोन निळ्या पट्ट्यांच्या मधल्या पांढऱ्या कागदावर पट्टी ठेवून वरच्या निळ्याखाली एक काळी रेघ ओढली. चांगली जाड. “नाहीतर पाणी खाली येईल,” म्हणाला.