मुलांना तापाचं औषध देताना या चुका टाळा

‘ताई, तापाचं औषध द्या. एक चमचा द्यायचं ना?’ औषधाच्या दुकानात उभं राहून हा प्रश्न मी रोज ऐकते. मुलाचं वजन किती, असं विचारलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. घाई समजू शकते, लेकरू तापलेलं असतं. पण तेवढ्यासाठी दोन मिनिटं मी थांबवतेच.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये निदान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस. ‘शेजारच्यांच्या मुलाला एवढंच देतात’ हे माप नव्हे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे थेंब आणि सिरप एकच समजणं. औषधाचं नाव तेच, चित्रही तेच, पण थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०.

एकदा एक बाबा थेंबांची दुसरी बाटली मागायला आले. पहिली, १५ मिलिलिटरची, आदल्याच दिवशी माझ्याकडून नेलेली. ‘संपली?’ म्हटलं. ‘हो, तीनदा दिली.’ ड्रॉपर फुटला म्हणून त्यांनी थोरल्याच्या सिरपचं झाकण घेतलं होतं आणि त्याच्यासारखंच ५ मिलिलिटर भरून दिलं होतं. दहा किलोच्या बाळाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम. ‘पण ताप उतरलाय, खेळतोय छान,’ ते म्हणाले. पॅरासिटामॉल जास्त झालं की पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही, यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी कळते. त्यांना तसंच रुग्णालयात पाठवलं. रक्त तपासलं, उतारा सुरू केला आणि बाळ सुखरूप घरी आलं. त्या बाबांचा पांढराफटक पडलेला चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून थेंबांची बाटली देताना मी तिच्यावर पेनाने मोठ्ठं ‘थेंब’ लिहिते, आणि किती मिलिलिटर द्यायचं तेही.

स्वयंपाकघरातला चमचा मला औषधाजवळ दिसायलाच नको. एका घरातले दोन चमचे सारखे नसतात. बिनसुईची सिरिंज घ्या, औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारू नका, ठसका लागतो.

अर्ध्या तासात ताप उतरला नाही म्हणून दुसरा डोस देणारे तर नेहमीचेच. औषधाला काम करायला तासभर द्या. आकडा ९८ वर यायलाच हवा असंही नाही. मूल पाणी पितंय, नजरेला नजर देतंय, हे जास्त महत्त्वाचं. माझ्या घरी डोसाची वेळ फ्रिजवरच्या कागदावर लिहायची, हा नियम होता. नाहीतर आई एकदा देते, आजी परत देते.

सर्दीच्या बऱ्याच औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं, लेबल वाचा. ॲस्पिरिन मुलांना आणि किशोरांना स्वतःहून कधीच नाही, त्यातून रेज सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार, होऊ शकतो. बर्फाच्या पाण्याने पुसू नका. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक टाकून द्या. औषधाला ‘चॉकलेट’ म्हणू नका, मूल नंतर स्वतः शोधून खातं.

मुलगी-मुलगा मोठा झाला की आईवडील औषधाकडे बघणंच सोडतात, हेही मला पटत नाही. डोकेदुखीसाठी, पाळीतल्या दुखण्यासाठी ही मुलं गोळ्यांवर गोळ्या घेतात. दिवसाला किती घेतल्या, एवढं विचारा.

बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, तर औषध देत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. औषध जास्त गेल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. बाटली सोबत घ्या, रिकामी असली तरी.